हात वर, गोल रिकामा

हिशेब मांडून पाहिला तर या व्यवहारात तिला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. दोन मापं मोठा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. गळ्यात शिट्टी. आणि दर शनिवारी दुपारी दोन्ही संघांची बोलणी… एकाची आधी, दुसऱ्याची नंतर. एवढीच कमाई. तरीही ती 'हो' म्हणाली, कारण मागणारी वहिनी होती.

वहिनी घरात आली तेव्हा या पोरीचे पुढचे दात पडलेले होते आणि केसांत गुंता झाला होता. आई नव्हती. नवी नवरी आठवडाभरातच शाळेच्या पालकसभेत जाऊन बसली आणि बाईंना म्हणाली, "हिचं जे काही असेल ते मला सांगायचं." त्या दिवसापासून वहिनीनं फक्त दिलं होतं, मागितलं काहीच नव्हतं. तिची नोकरी लाँड्रीत, हॉस्पिटलच्या चादरी धुण्याची. पंचेचाळिशी उलटल्यावर लाँड्रीतल्या बायकांनी बॉल हॉकीचा संघ काढला, त्यात वहिनी घुसली, आणि घरात एक नवलच ऐकू यायला लागलं. वहिनी मोठ्यानं हसायची! शनिवारी संध्याकाळी, गुडघ्याला बर्फ लावत.

पण त्या हौशी लीगची एक अट होती. प्रत्येक संघानं न खेळणारा एक पंच द्यायचा, इतरांच्या सामन्यांसाठी. पंच नाही तर संघ बाद. लाँड्रीवाल्यांचा पंच बदली होऊन गेला आणि वहिनीनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नणंदेपुढे हात पसरला.

"नणंदबाई, नुसती शिट्टी तर वाजवायची. भाजीचा कुकर नाही का वाजत?"

"वहिनी, कुकरला परीक्षा द्यावी लागत नाही."

"मग तू कुकरपेक्षा हुशार आहेस, हे दाखवायची संधी आली म्हण."

म्हणून त्या मंगळवारी चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या आडोशाला नियमांची पुस्तिका उघडी ठेवून ती 'ऑफसाइड' या शब्दाशी झगडत बसली होती. बाहेर भुरभुर सुरू होती. गिऱ्हाईक नव्हतं. तेवढ्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला. एका हातात मोडकी फ्रेम, दुसऱ्या हातानं सुटी काच डोळ्यासमोर धरलेली.

"नमस्कार… कुणी आहे का इथे? मला सध्या नुसते आकार दिसताहेत."

"कसले आकार?"

"एक उंच, हिरवा. आणि एक… बरा."

"हिरवं आहे ते कपाट. बरी आहे ती मी."

तो हसला, आणि ज्या दिशेनं आवाज आला तिकडे फ्रेम पुढे केली. ती थेट फ्लॉवरपॉटमध्ये गेली असती. तिनं वरच्या वर झेलली.

"झेल चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "ऐकू आला."

"मोडला कसा?"

"बाकावर ठेवला होता. आमचा कप्तान त्याच्यावर बसला. बॉल हॉकी खेळतो आम्ही. लिफ्ट दुरुस्त करणारे सगळे."

तिनं मान वर केली. देव पावला म्हणतात तो असा, तुटक्या चष्म्यानिशी.

"ऑफसाइड म्हणजे काय हो?" तिनं थेट विचारलं.

त्यानं स्टूल चाचपलं आणि बसला. चष्मा दुरुस्त होईपर्यंत त्याला तसंही कुठे जाता येणार नव्हतं. चष्म्यांच्या रिकाम्या डब्या त्यानं काउंटरवर मांडल्या, काचा पुसायच्या नारिंगी फडक्याची गोळी केली, आणि वर्ग सुरू झाला.

"बर्फावरची हॉकी टीव्हीवर पाहिली असेल. तीच ही, फक्त बर्फ काढा, स्केट्स काढा. कोरडी फरशी, पायात साधे बूट, आणि हा नारिंगी चेंडू. पाच जण पळणारे. सहावा गोलमध्ये, संघातला सगळ्यात देखणा."

"कशावरून?"

"तो मास्क घालतो. कुणाला तपासताच येत नाही."

"तुम्ही कुठे खेळता?"

"गोलमध्ये."

ती बारीक स्क्रू बसवत होती. तो हातातून निसटला. पुन्हा उचलावा लागला.

"आता ही निळी रेषा." त्यानं मोजपट्टी आडवी ठेवली. "समोरच्यांच्या हद्दीत आधी चेंडू जाणार, मग माणूस. चेंडूच्या आधी माणूस घुसला की ऑफसाइड."

"म्हणजे आगाऊपणा चालत नाही."

"अजिबात नाही. बोलावणं चेंडूला असतं, आपण मागून जायचं."

"आणि काही माणसं पहिल्याच भेटीत स्टूल ओढून बसतात, त्यांचं काय?"

"त्यांचा चष्मा आधी आत आला होता," तो गंभीरपणे म्हणाला.

मग त्यानं बाकीचं भराभर सांगितलं. खेळ सुरू करताना मधोमध दोघं समोरासमोर, पंच चेंडू खाली टाकणार. गोल काठीनं करायचा, लाथेनं केलेला धरत नाहीत. काठी खांद्याच्या वर उचलायची नाही, कुणाच्या पायात घालायची नाही, मागून ढकलायचं नाही. केलं, तर दोन मिनिटं बाजूच्या बाकावर. तेवढा वेळ आपला संघ एकानं कमी. समोरच्यांनी गोल केला तर मात्र सुटका लगेच.

"म्हणजे घरचं नुकसान झालं की आपण सुटलो?"

"हो. आणि सुटून परत जाताना कुणी तोंडाकडे बघत नाही."

ती खुदकन हसली. मग पुस्तिकेचं पान त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याला दिसत नाही हे आठवून परत ओढून घेतलं. "इथे मी कालपासून अडकले आहे. पंचानं चूक बघितली, हात वर केला, पण शिट्टी नाही वाजवली. का? विसरला?"

"हा नियम मला सगळ्यात आवडतो." त्याचा आवाज जरा हळू झाला. "समजा माझ्याकडे चेंडू आहे आणि तुम्ही मला पाडायला गेलात. मी पडलो नाही, पुढे पळतोय. आता शिट्टी वाजवली तर नुकसान माझंच ना? म्हणून पंच नुसता हात वर धरून थांबतो. ज्यांनी चूक केली त्यांची काठी चेंडूला लागली, की शिट्टी."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची चंगळ. समोरच्यांनी चेंडू घेतला की खेळच थांबणार, मग आपल्यावर गोल कसा होईल? म्हणून वर गेलेला हात दिसला की गोलकीपर गोल सोडून बाकाकडे धावत सुटतो आणि त्याच्या जागी आणखी एक हल्ला करणारा आत येतो."

"गोल उघडा टाकून?"

"सताड उघडा. पंचाच्या हातावर तेवढा विश्वास ठेवावा लागतो."

तिनं दांडी बसवली, काचा पुसल्या, आणि चष्मा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांवर चढवला. कपाटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा कपाटाकडे, आणि परत तिच्याकडे.

"टोचतोय का?"

"नाही. मघाशी मी 'बरा आकार' म्हणालो होतो."

"मग?"

"ते चुकलं."

शनिवारी ती परीक्षा पास झाली. परीक्षा घेणाऱ्या पंचकाकू उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर भले भले कप्तान मागच्या दारानं उतरायचे. पट्ट्यांचा शर्ट देताना त्या एवढंच म्हणाल्या, "हात उचललास तर कारण असायला हवं. आणि कारण नसेल तर हात खिशात."

त्यानंतर लिफ्टवाल्याच्या चष्म्याला काय झालं कोण जाणे. दर मंगळवारी त्याचा एखादा स्क्रू ढिला व्हायचा. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टा वर-खाली नीट नेणारा माणूस, खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरणारा, आणि त्याला स्वतःच्या नाकावरचा स्क्रू पिळता येऊ नये? तिला सगळं कळत होतं. तिनंही स्क्रू कधी पुरता घट्ट पिळला नाही. दुकानदारीच्या दृष्टीनं हे बरोबर नव्हतं, पण दुकानदारीची दृष्टी तेव्हा होती कुणाकडे!

शनिवारी सामने संपले की तो तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत यायचा. खांद्यावर गोलकीपरचं भलंमोठं बोचकं, अंगाला रबराचा आणि घामाचा वास. बोलणं नियमांचंच. "आज तुम्ही मला दोन मिनिटं द्यायला हवी होती." "दिसलंच नाही मला." "बघत होतात की." "तेच तर…" असं काहीतरी. वाक्य पुरं व्हायच्या आत बस यायची. बसचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

घरी भांडी पुसताना ती एकदा म्हणाली, "वहिनी, बरं झालं तू मला शिट्टी दिलीस."

वहिनीनं ताटलीआडून पाहिलं. "शिट्टी दिली मी. बाकीचं कुणी दिलं?"

"बाकीचं काय?"

"काही नाही. ताटली पुसून झाली आहे, कधीची. ती आता झिजेल."

उपांत्य सामना लिफ्टवाले आणि बेकरीवाले यांच्यात होता. पंच ती. हॉल गच्च भरला होता. लाँड्रीतल्या बायका आपला सामना आटोपून बाकांवर पाय पसरून बसल्या होत्या, मधोमध वहिनी. तिच्या शेजारी दादा, शनिवारची झोप मोडून जबरदस्तीनं आणलेला, डोळे उघडे ठेवून पेंगत होता.

दोन-दोन बरोबरी. शेवटची काही मिनिटं. चेंडू बेकरीवाल्यांच्या गोलापाशी, काठ्यांचा खणखणाट, बुटांची करकर. लिफ्टवाल्यांचा हल्ला चालू होता. ती मधल्या रेषेपाशी धापा टाकत उभी. इतक्यात तिच्या केसांचा रबर तुटला आणि सगळे केस तोंडावर आले. तिनं हात उचलून केस मागे सारले. केस सारायला वेळ तो किती लागतो? पण सारता सारता तिची नजर मागे वळली, खेळ नव्हता त्या बाजूला. तिथे रिकाम्या अर्ध्या मैदानात तो एकटाच, मास्क कपाळावर चढवून, तिनं बसवलेल्या चष्म्यातून… तिच्याचकडे बघत होता. दोघांपैकी एकाचंही लक्ष चेंडूवर नव्हतं. आणि तिचा हात केसांतच राहिला. वर.

त्याला वर गेलेला हात दिसला. इतक्या वर्षांची सवय. त्यानं मास्क खाली ओढला आणि बाकाकडे धूम ठोकली.

बेकरीतल्या पाव भाजणाऱ्यानं चेंडू हिसकावला. शिट्टी वाजलीच नाही, वाजणार कशी, चूक झालीच नव्हती. त्यानं मान वर केली, समोर सताड उघडा गोल पाहिला, आणि एकदा स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखं इकडेतिकडे बघून चेंडू लांबूनच सोडला. नारिंगी चेंडू सावकाश, अगदी फिरायला निघाल्यासारखा, घरंगळत गेला आणि जाळीत जाऊन बसला.

तीन-दोन.

हॉलमध्ये एकच गिल्ला. लिफ्टवाल्यांचा कप्तान, तोच चष्म्यावर बसणारा, काठी आपटत आला. "पंचाचा हात वर होता! अरे, म्हणूनच गोल सोडला ना तू?"

पंचकाकू टेबलामागून उठल्या. आपटणाऱ्या काठ्या खाली आल्या. त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं, "हात वर होता?"

त्यानं मास्क काढला. तिच्याकडे पाहिलं नाही. "नव्हता, काकू. मला भास झाला."

"भास?" कप्तान किंचाळला. "सहा वर्षं गोलमध्ये उभा आहेस, आजच भास झाला?"

"होतं कधी कधी. ऊन लागलं असेल."

"हॉलमध्ये?"

हिशेब सरळ होता. ती गप्प राहिली, तर शिट्टी गळ्यात राहणार, लाँड्रीचा संघ लीगमध्ये राहणार, वहिनी शनिवारी हसत राहणार. किंमत फक्त एवढीच, की हा माणूस सगळ्यांसमोर मूर्ख ठरणार, आणि तो तर ते बिल आपणहून स्वतःच्या नावावर फाडत होता. आणि बोलली, तर वहिनीचं हसू जाणार. तिनं बाकांकडे पाहिलं. वहिनी सगळं समजून बसली होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. पालकसभेत बसली असेल तशीच ताठ बसून राहिली होती, हिचं जे काही असेल ते ऐकायला.

"वर होता," ती म्हणाली. "हात वर होता, काकू."

"कुणाची चूक दिसली होती तुला?"

"कुणाचीच नाही. केस सारत होते."

"केस सारायला एवढा वेळ?"

"लक्ष… लक्ष नव्हतं."

"चेंडूवर नव्हतं, मग कुठे होतं?"

तिचे कान तापलेल्या इस्त्रीसारखे लाल झाले. लाँड्रीतल्या बायकांना इस्त्रीचं कोण सांगणार? त्यांच्यात खसखस पिकली. पंचकाकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग गोलकीपरकडे, तोही त्याच रंगाचा. त्यांनी आयुष्यभर बसच्या आरशात मागच्या सीटवरची जोडपी पाहिली होती.

"असं," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजली नव्हती, म्हणून गोल कायम. गोलकीपरनं पंचाला खोटं सांगितलं, दोन मिनिटं शिक्षा. नियमाप्रमाणे गोलकीपरच्या वतीनं बाकावर दुसऱ्यानं बसायचं. कप्तान, बसा."

"मी? मी काय केलं?"

"ओरडलात. बसा. आणि तू…" तिच्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "…शर्ट दे. हा हंगाम संपेपर्यंत शिट्टी नाही. लाँड्रीनं पुढच्या शनिवारच्या आत दुसरा पंच आणायचा, नाहीतर संघ बाद. खरं बोललीस म्हणून पुढच्या वर्षी परीक्षा माफ."

उरलेला खेळ पंचकाकूंनीच खेळवला. लिफ्टवाले हरले.

हॉलच्या मागे, हात धुवायच्या नळापाशी ती उभी होती. डोळ्यांवर पाणी मारत होती, कुठलं पाणी कशाचं ते कळू नये म्हणून. मागून बोचकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"कशाला बोललात?" तो म्हणाला. "मी निभावून नेलं असतं."

"तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"सवय. समोरून काही जोरात येताना दिसलं की मध्ये पडायचं. गोलकीपर आहे मी. आणि ते… ते तुमच्या अंगावर येत होतं."

ती वळली. केस अजून तोंडावरच होते. या खेपेला तिनं ते सारले नाहीत. "अंतिम सामन्याची संधी घालवलीत माझ्यापायी. सहा वर्षांत पहिल्यांदा इथवर आला होतात, तुमचा कप्तान सांगत होता. सांगत कसला, ओरडत होता."

"हात तुमचा होता, पण बघत मी होतो. चेंडू कुठे आहे, कुणाची काठी लागली, काही बघितलं नाही. नुसता हात दिसला, पळालो. खरं सांगू? आत्ताही दिसला तर पळेन."

तिला हसू आलं आणि रडूही. "वहिनीचा संघ बाद होईल हो. तिनं जन्मात एकदा काही मागितलं होतं माझ्याकडे."

"मी लिफ्टवाल्यांकडून नाव काढून घेतो. लाँड्रीचा पंच होतो. न खेळणारा माणूस हवा ना? मी नाही खेळत."

त्यानं हे इतकं सहज सांगितलं, जणू स्क्रू पिळायचा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांची जागा, कप्तानाच्या शिव्या खाऊन जपलेली, तो तिच्या ओंजळीत टाकून मोकळा झाला होता. एका दुपारी माणसानं माणसाला किती द्यावं याला काही धरबंध?

"नाही," ती म्हणाली. "तू गोल सोडायचा नाहीस. एकदा सोडलास तेवढं पुरे."

"तू?" तो म्हणाला.

"काय?"

"'तू' म्हणालीस."

"म्हणाले," ती म्हणाली. "आणि परत घेणार नाही. मला तू हवा आहेस, तुझी जागा नको."

त्यावर तो काय म्हणाला ते नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही. नळ बंद करायला दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. तो बंद केला वहिनीनं. ती कधी येऊन उभी राहिली होती, कुणास ठाऊक. नणंदेच्या हनुवटीला धरून तिनं तिचा चेहरा वर केला, लहानपणी शाळेत पाठवताना तपासायची तसा.

"वहिनी, मी तुझं—"

"माझं काय? अगं, सगळ्या हॉलसमोर खरं बोललीस, आणि तेही असलं खरं! इतकी वर्षं तुझ्या वेण्या घातल्याचं सार्थक झालं माझं. संघाचं मी बघते." मग लिफ्टवाल्याकडे वळून, "आणि तुम्ही, रविवारी जेवायला या. चष्मा घालून या, म्हणजे समोर काय वाढलंय ते दिसेल." आणि मग आवाज चढवून, बाकांच्या दिशेनं, "अहो! इकडे या जरा!"

दादा जांभई आवरत आला. "संपलं का? निघायचं ना?"

"निघायचं. घरी जाऊन तुम्हाला अभ्यासाला बसायचं आहे."

आता शेवटचा हिशेब. लिफ्टवाल्यांनी अंतिम सामन्याची संधी घालवली. कप्तानानं दोन मिनिटं घालवली आणि तो अजून ती परत मागतो आहे. तिनं शिट्टी घालवली, आणि बदल्यात जे मिळालं ते पाहता तिचा व्यवहार पुष्कळच फायद्यात गेला; हे ती स्वतःच सांगते, रोज, वहिनीच्या गळ्यात पडून. वहिनीनं काही घालवलं नाही, तिच्या देण्याचा भाग आधीच देऊन झाला होता.

भरलं ते दादानं. ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यानं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला तिचा गोलकीपर, मध्ये वाट्या-चमचे मांडून ऑफसाइड, आणि दादा तीनदा नापास होता होता वाचला. शुक्रवारी संध्याकाळी पंचकाकूंनी हताश होऊन त्याला पास केलं. लाँड्रीचा संघ राहिला. दादाची शनिवारची झोप गेली, कायमची.

"फुकट मेलो मी," तो बेकरीवाल्यांच्या सामन्याला निघताना दर वेळी म्हणतो, आणि पट्ट्यांचा शर्ट स्वतःच इस्त्री करतो.